आपोआप येईल म्हणे!

जगात सर्वात जास्त वेळा दिला जाणारा आणि सर्वात कुचकामी सल्ला कुठला असेल, तर तो म्हणजे "करत राहा, आपोआप येईल." इंग्रजी बोलणं, गोल पोळ्या लाटणं, गाडी चालवणं, प्रोग्रॅमिंग, संसार... कशालाही लावा, चपखल बसतो. देणाऱ्याला काही कष्ट नाहीत. शिकवायला लागत नाही, डोकं चालवायला लागत नाही, आणि समोरच्याला नाहीच जमलं तर "तू पुरेसा वेळ दिला नाहीस" म्हणून हात वर करता येतात. आज या सल्ल्याची जिथे सगळ्यात जास्त फजिती होते अशा एका जागेबद्दल लिहायचंय. ती जागा म्हणजे कॉम्प्युटर गेममधलं हेलिकॉप्टर.

हसलात? हसा. अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, दोन पोरांचा बाप झाला, आणि हा माणूस व्हिडिओ गेमवर निबंध लिहितोय! इथल्या आमच्या मराठी मंडळींतही हाच सूर असतो. कोणी गोल्फ शिकतो म्हटलं की कौतुक, दर शनिवारी चार तास गवतात चेंडू शोधत फिरला तरी. गेममध्ये हेलिकॉप्टर शिकतो म्हटलं की "अरे, वय काय तुझं?" असो. माझं आजचं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण आहे ते खेळणाऱ्यांशीच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटलफिल्ड नावाची एक गेमची मालिका आहे. पहिला गेम २००२ साली आला. पीसीवर बहुधा ६४ माणसं एका नकाशावर उतरतात, ३२ इकडची, ३२ तिकडची. पायदळ, रणगाडे, विमानं, हेलिकॉप्टरं सगळं एकाच मैदानात. आणि एकेक मशीन चालवणारा खरा माणूस असतो, जगात कुठेतरी आपल्या खोलीत बसलेला. नकाशाच्या मानाने हेलिकॉप्टरं मोजकीच. लढाऊ हेलिकॉप्टर बहुधा प्रत्येक बाजूला एखादंच, त्यात दोन जागा: पुढचं मशीन उडवायचं एकाने, तोफ चालवायची दुसऱ्याने. चांगल्या पायलटच्या हातात ते मशीन सबंध सामना फिरवू शकतं. नवशिक्याच्या हातात ते अर्ध्या मिनिटात कुठल्यातरी झाडावर असतं. ते आपटलं की नवीन येईपर्यंत ३२ माणसं हेलिकॉप्टरशिवाय लढतात, आणि तोफेवर विश्वासाने बसलेला तो दुसरा बिचारा तर फुकटच मरतो.

आता मजा बघा. हा नवशिक्या विचारतो, "कसं उडवायचं हो?" आणि अनुभवी मंडळी उत्तर देतात, "उडवत राहा, आपोआप येईल." तो उडवतो. आपटतो. मग तीच मंडळी त्याला शिव्या देतात, काही वेळा सर्व्हरवरून हाकलतात सुद्धा. म्हणजे सल्ला तुमचाच, तो पाळला की शिक्षाही तुमचीच!

खरं सांगायचं तर "आपोआप येईल" हे इथे साफ खोटं आहे. मी पोटापाण्यासाठी कंट्रोल सिस्टिम्सचं काम करतो, त्यामुळे याचं कारण मला स्वच्छ दिसतं आणि ते सांगितल्याशिवाय राहवतही नाही. जरा सहन करा.

गाडीत ब्रेक दाबला की गाडी थांबते आणि थांबलेलीच राहते. हेलिकॉप्टरला ब्रेक नाही. माउस हलवला की हेलिकॉप्टर झुकायला लागतं. झुकलं की त्या दिशेला वेग वाढायला लागतो. वेग आला की मग ते जागेवरून सरकतं. म्हणजे हात आणि जागा यांच्यामध्ये तीन-चार पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर थोडा वेळ जातो. नवशिक्या बघत असतो फक्त शेवटची पायरी. त्याला दिसतं की आपण डावीकडे सरकतोय. तो माउस उजवीकडे नेतो. हेलिकॉप्टर उजवीकडे झुकतं, पण आधीचा डावा वेग अजून संपलेला नसतो, म्हणून त्याला वाटतं काहीच होत नाहीये. तो आणखी उजवीकडे नेतो. डावा वेग संपतो तेव्हा हेलिकॉप्टर चांगलंच उजवीकडे कललेलं असतं, आणि आता ते सुसाट उजवीकडे निघतं. मग घाबरून आणखी जोरात डावीकडे. तिसऱ्या हेलकाव्याला इमारत, झाड किंवा टॉवर. खऱ्या विमानविद्येतही याला नाव आहे, पायलट इंड्यूस्ड ऑसिलेशन. पायलटने स्वतःच्या हाताने वाढवलेला झोका.

आता यात "करत राहा" कसं लागू पडणार? चूक झाली दोन-तीन सेकंद आधी, आणि धडाका झाला आत्ता. माणसाचं मन शेवटच्या क्षणी केलेल्या गोष्टीला दोष देतं. शंभर वेळा आपटलं तर शंभर वेळा चुकीचाच धडा मिळतो. मी सर्व्हरवर बघतो ना, महिनोन् महिने असे "करत राहिलेले" लोक काय शिकतात? एकच गोष्ट: खाली झाडं असतात, म्हणून वर उडावं. मग ते आकाशात उंच टांगलेल्या आकाशकंदिलासारखे जाऊन थांबतात, आणि खांद्यावर क्षेपणास्त्र घेतलेल्या प्रत्येक पायदळी शिपायाला निवांत नेम धरायला मिळतो. पुन्हा खाली. सरावाने सवय पक्की होते हे खरं, पण कुठली सवय हे सराव स्वतः ठरवत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावाकडे पोरांना विहिरीत ढकलून देत आणि ती आपोआप पोहायला शिकत. हा युक्तिवाद मला दर वेळी ऐकवला जातो, आणि दर वेळी मी विचारतो, कमरेला काय बांधलेलं असायचं? सुका भोपळा, नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा. कमरेला दोर, दोराचं टोक काकाच्या हातात, आणि पाण्यात आधीच उतरलेला एखादा चुलतभाऊ. थोडे दिवस गेले की भोपळा लहान व्हायचा, मग सुटायचा. तो रीतसर अभ्यासक्रम होता हो! ढकलणारा हात तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि दोर मात्र विसरला गेला.

खऱ्या हेलिकॉप्टरच्या शाळेतही असंच असतं. तिथे तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: डाव्या हातातला दांडा वर-खाली नेण्यासाठी, उजव्या हातातली काठी झुकवण्यासाठी, आणि पायातली पेडल्स शेपूट फिरवण्यासाठी. नवीन विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी तिन्ही देत नाहीत. शिक्षक दोन स्वतःकडे ठेवतो, एक त्याला देतो. ती जमली की दुसरी. इथे अमेरिकेत खाजगी हेलिकॉप्टर परवान्याला कायद्याने कमीत कमी ४० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले निदान २० तास शिक्षकाबरोबर. म्हणजे जिथे खरोखर मरण्याची भीती आहे तिथे कोणीही "आपोआप येईल" म्हणत नाही. जिथे मरण खोटं आहे तिथेच हा शहाणपणा सुचतो.

बरं, गेममधलं मशीन त्या मानाने फारच गरीब आहे. पंख्याच्या उलट्या झटक्याने बॉडी फिरणं वगैरे बॅटलफिल्डमध्ये काही नाही. (ज्यांना ते हवं असेल त्यांनी आर्मा ३ बघावा. २०१४ मध्ये त्यात हेलिकॉप्टरसाठी वेगळं, खऱ्याच्या जवळ जाणारं उड्डाणाचं गणित आलं. त्यात सरळ खाली भरभर उतरायला गेलात तर स्वतःच्याच पंख्याने ढवळलेल्या हवेत अडकून दगडासारखे पडता, अगदी खऱ्यासारखे.) बॅटलफिल्डमध्ये डाव्या हाताला डब्ल्यू-एस या कीज वर-खाली करायला, ए-डी शेपटाला, आणि उजव्या हातात माउस. बस्स. इतक्या सोप्या मशीनला जर क्रम लावून शिकवलं, तर महिन्याभरात नोकरी-धंदा सांभाळून कोणालाही येतं. रिफ्लेक्सेस लागतात, तरुण रक्त लागतं, हे सगळं थोतांड आहे. उलट जितक्या चपळाईने तुम्ही माउस फेकाल तितका तो झोका मोठा होईल. इथे लागतो तो थोडा सुस्त हात आणि तीन सेकंद पुढचा विचार. आमच्या वयाला उत्तम!

क्रम काय, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसतीच टीका करतोय.

आधी रिकामं मैदान. ज्या सर्व्हरवर कुत्रंही फिरकत नाही असा शोधायचा. माउस मागे ओढला की नाक वर जावं की खाली, हे एकदा ठरवायचं आणि पुन्हा बदलायचं नाही. स्क्रीन म्हणून दिवाणखान्यातला टीव्ही वापरत असाल तर त्याचा गेम मोड लावायचा, कारण काही टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते उशिरा दाखवतात, आणि इथे उशीर हाच तर सगळा आजार आहे. मग गोळी न झाडता फक्त सरळ जायचं, एकाच उंचीवर. ऐकायला सोपं वाटतं. पण पंखा जी ओढ देतो ती हेलिकॉप्टर सपाट असताना सगळी वर जाते. नाक खाली केलं की त्यातला काही हिस्सा पुढे वळतो, आणि तेवढा वरचा कमी होतो. म्हणजे वेग हवा असेल तर तो उंचीच्या खात्यातून काढावा लागतो, नाहीतर डब्ल्यू दाबून वरून भरणा करावा लागतो. हे बोटांना कळेपर्यंत दुसरं काही करायचं नाही.

मग थांबणं. थांबण्यासाठी नाक वर घेतलं की आता उलटं होतं, हेलिकॉप्टर फुग्यासारखं वर उसळतं, म्हणून त्याच वेळी डब्ल्यू सोडायला लागतं. आणि थांबायला सुरुवात करायची ती थांबायच्या जागेच्या बरीच आधी. स्टेशन दिसल्यावर ब्रेक लावणारा मोटरमन फलाट ओलांडून जातो, तसंच. हे जमलं की आरटीओतला '८' काढायचा. होय, तोच! दोन टॉवर निवडायचे आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा, एकाच उंचीवर, एकाच वेगाने. आपल्याकडे लायसन्ससाठी तो '८' काढताना पाय टेकू नये म्हणून जी धडधड होते ती इथेही होते. शेवटी एका ठराविक छपरावर उतरणं. जवळपास नाही, त्याच छपरावर.

एवढं होईपर्यंत गोळी झाडायची नाही, हा माझा नियम सगळ्यांना जाचक वाटतो. पण त्यामागे कारण आहे. लढाऊ हेलिकॉप्टरचे पायलटच्या हातातले रॉकेट नाकाच्या दिशेने सुटतात. जमिनीवरच्या रणगाड्यावर नेम धरायचा म्हणजे नाक खाली करायचं, आणि नाक खाली केलं की मशीन त्याच रणगाड्याकडे धावत सुटतं. म्हणजे नेम धरणं हेच उडणं आहे, ती दोन कामं नाहीतच. प्रत्येक हल्ला हा खाली घेतलेला सूर असतो आणि त्यातून बाहेर पडायची वेळ आधीच ठरलेली असते. ज्याला बाहेर पडता येत नाही तो नेम धरता धरता रणगाड्यावरच जाऊन आदळतो. खऱ्या वैमानिकांनाही हा रोग होतो, लक्ष्यावर नजर खिळून राहण्याचा, आणि त्याने माणसं मेली आहेत. आणि "करत राहा" वाले पहिल्याच दिवशी नवशिक्याच्या हातात रॉकेट देतात.

भरलेल्या सर्व्हरवर शिकण्याचं गणितही बघा. ३२ जणांत एखादं लढाऊ हेलिकॉप्टर. ते मिळवायला हेलिपॅडवर घोळका. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणारे आपण, पण इथल्या गोऱ्यांनी आपल्यालाही मागे टाकलंय. बॅटलफिल्ड २ च्या काळात तर स्वतःच्याच बाजूच्या माणसाला गोळी घालून हेलिकॉप्टर पळवणारे महाभाग प्रसिद्ध होते! अशी वाट बघून अखेर मिळालं, तर अर्धं मिनिट उडणार आणि आपटणार. पुन्हा रांग. अख्ख्या संध्याकाळीत हवेत किती वेळ? मोजा आणि सांगा. रिकाम्या मैदानात आपटलात की नवीन हेलिकॉप्टर येतं तेव्हा ते तुमचंच असतं, कोणाचा तोफवाला मरत नाही, कोणी शिव्या देत नाही. तरी लोक तिथे जात नाहीत. का? कारण तिथे पॉइंट्स मिळत नाहीत. कोणी बघत नाही. जे मोजलं जात नाही ते शिकणं नव्हेच, हा समज इथे गेमवाल्यांचा आहे आणि तिकडे आपल्या क्लासवाल्यांचाही. परीक्षेला नाही ना? मग सोडून दे. हा दुर्गुण एकट्या कुठल्या देशाची मक्तेदारी नाही.

गेम बनवणाऱ्यांनीही यात आपला हातभार लावलाच आहे. २०११ च्या बॅटलफिल्ड ३ मध्ये क्षेपणास्त्र चुकवायचे फ्लेअर्स हेलिकॉप्टरला सुरुवातीपासून नव्हते. ते पॉइंट्स मिळवून 'उघडावे' लागत. म्हणजे ज्याला उडवता येतं त्याला चिलखत, आणि ज्याला येत नाही तो उघडा! शिकाऊ ड्रायव्हरच्या गाडीचे ब्रेक काढून घ्यावेत आणि दहा वर्षं चालवल्यावर परत द्यावेत, तसला न्याय. मग २०१२ मध्ये पैसे भरून सगळी सामग्री एकदम उघडायची सोयही विकायला आली. फ्लेअर्स विकत मिळाले, उडवणं कुठे मिळालं? आणि फ्लेअर्स आले तरी ते केव्हा सोडायचे हे पुन्हा कोणी सांगत नाही. कानात आधी एक इशारा वाजतो, कोणीतरी नेम धरतोय म्हणून. क्षेपणास्त्र सुटल्यावर आवाज बदलतो. नवशिक्या पहिल्याच आवाजाला घाबरून फ्लेअर्स उधळतो, ते पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि खालचा शिपाई शांतपणे त्या मधल्या वेळात ट्रिगर दाबतो. पहिल्या आवाजाला करायचं ते एवढंच की टेकडीच्या किंवा इमारतीच्या आड खाली घुसायचं. पण त्यासाठी आधी खाली उडता यायला हवं ना! ज्याने झाडांच्या भीतीने उंच राहायची सवय लावून घेतली त्याच्यासाठी हा दरवाजाच बंद.

थोडं निष्पक्ष बोलायचं तर २०१३ च्या बॅटलफिल्ड ४ मध्ये टेस्ट रेंज आली, एकट्याने जाऊन सगळी मशीनं चालवून बघायची जागा. फार चांगली गोष्ट. पण जागा देणं वेगळं आणि तिथे काय करायचं ते सांगणं वेगळं. पोहण्याचा तलाव बांधला आणि मास्तर ठेवला नाही, असं झालं. मास्तर कोण होऊ शकतं? ज्यांना येतं ते. आणि त्यांना विचारावं तर... जाऊ द्या, तेच ते वाक्य.

त्यांना शिकवता येत नाही असं मला वाटत नाही. बरेचसे स्वतः कधीतरी कोणाच्या तरी शेजारच्या सीटवर बसून, बघून बघून शिकले आहेत. तोफेच्या जागेवर बसून पन्नास फेऱ्या मारल्या की पायलट कधी वळतो, केव्हा खाली घुसतो, हे नकळत समजतं. तोच त्यांचा कमरेचा दोर होता. पण आता विचारलं की "मी कोणाकडून शिकलो नाही, मला आपोआप आलं" हे सांगण्यात जी शान आहे ती "मला अमक्याने शिकवलं" म्हणण्यात नाही. आमच्या कंपनीत नवीन आलेल्या इंजिनिअर पोरांशी सिनियर मंडळी हेच करतात. हे वाचणाऱ्यांपैकी जे आयटीत आहेत त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, तुमच्याकडे काय होतं?

मला हा विषय आत्ताच का सुचला, तेही सांगून टाकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये बॅटलफिल्ड ६ आला आणि दिवाळीत नाशिकच्या माझ्या भाच्याने तो घेतला. हेलिकॉप्टर उडवायची पोराला भयंकर हौस. दोन आठवड्यांनी फोन केला तर म्हणतो, "मामा, मी सोडलं ते. माझ्यात ते नाहीच आहे." मी विचारलं, तुला कोणी काय सांगितलं? तर म्हणाला, "सगळे म्हणतात येतं आपोआप. मला नाही आलं, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे ना?"

बघा, सतरा वर्षांचा मुलगा. गेमचं जाऊ द्या हो, तो उद्या फिजिक्सबद्दलही हेच म्हणेल. ज्यांना आलं त्यांना आपोआप आलं, मग मला नाही आलं म्हणजे मी मुळातच कच्चा. या सल्ल्याचा हिशोब नेहमी असाच शिकणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो. ताईने मागून ओरडून सांगितलं, "बरं झालं सुटलं ते खूळ, बारावी आहे त्याची." तिचंही चूक नाही. पण तो ते खूळ अभ्यासासाठी सोडत नव्हता, तो स्वतःला नापास करून सोडत होता. मला तेवढं बघवलं नाही.

मग त्याला जुना बॅटलफिल्ड ४ घ्यायला लावला. ताईशी तह झाला: फक्त रविवारी, एक तास, टेस्ट रेंजमध्ये. पहिला रविवार नुसतं सरळ जाण्यात गेला. दुसऱ्याला थांबणं. काल रात्री त्याने '८' चा व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या वळणावर उंची बरीच कमी होतेय, वळताना नाक थोडं मागे ओढायला विसरतोय, ते मी लिहून पाठवलंय. "मामा, रॉकेट कधी?" असं विचारत होता. छपरावर सलग दहा वेळा उतर, मग बोलू म्हटलं. तोपर्यंत फायरचं बटण सेटिंगमधून काढून टाकायला सांगितलंय.